इंजिन बाहेर काढा, पण खुर्च्या आत टाकू नका

अमरावतीचा माणूस बोटीवर लिहायला बसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्याकडे पाणी आहे कुठे?" आमच्या टीममध्ये एक मालवणचा पोरगा आहे. त्याला मी सांगितलं की सध्या सुट्टीच्या दिवशी मी बोटीच्या ट्रान्समचा अभ्यास करतोय, तर तो चहा सांडेपर्यंत हसला. हसू दे. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाच्या भिंतीवर त्याला एकदा ऑक्टोबरमध्ये उभं करणार आहे. अकोल्याला पाणी पाजणारं काटेपूर्णा आहे, सातपुड्याच्या पायथ्याचं वान आहे. आणि पाणी आमच्याकडे नेहमी सांगून येतं असंही नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदी मोवाड गावात शिरली आणि २०४ माणसं गेली. मोवाड नागपूर जिल्ह्यात असलं तरी वरुडकडची माणसं तो दिवस आपलाच धरतात. त्यामुळे 'कोरड्या वऱ्हाडात बोटी कशाला' हा विनोद मला फारसा चढत नाही.

असो. मुद्दा वेगळाच आहे.

अकोल्याला माझा मावसभाऊ आहे, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. त्याचं गॅरेज आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने आणि दोन भागीदारांनी मिळून एका धरणावर बोटिंगचं काम घेतलं. (धरणाचं नाव लिहीत नाही, नाहीतर माझ्या पुढच्या दिवाळीचं जेवण बंद होईल.) पायडलच्या चार बोटी, एक पोंटून आणि दिमाखासाठी एक स्पीडबोट. ही स्पीडबोट त्यांनी मुंबईकडून सेकंडहँड उचलली. अठरा फुटी, फायबरची, लाल-पांढरी, दिसायला एकदम फिल्मी. स्वस्त मिळाली. का स्वस्त मिळाली हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

ती स्वस्त मिळाली कारण ती स्टर्नड्राइव्ह होती.

ज्यांनी हा प्रकार बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आउटबोर्ड म्हणजे सगळं इंजिन बोटीच्या बाहेर, मागच्या सपाट भिंतीला टांगलेलं. त्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत, मागच्या बाजूला एका पेटीत बसवलेलं असतं, आणि ट्रान्समला मोठं भोक पाडून त्यातून शाफ्ट बाहेरच्या पायाकडे जातो. पाय म्हणजे खालचा गिअर आणि पंखा असलेला भाग. हा पाय डावी-उजवीकडे वळतो, थोडा वर-खालीही होतो. म्हणजे भोकातून जाणारा सांधा सतत हलता आणि भोक पाण्याच्या पातळीला किंवा त्याखाली. मग पाणी आत का येत नाही? तर मध्ये एक रबरी घडीचा बूट असतो म्हणून. मारुतीच्या एक्सलला असतो ना, तोच, जरा मोठा. मारुतीचा बूट फाटला तर वळताना कटकट आवाज येतो आणि मिस्तरी म्हणतो, अजून महिनाभर चालेल. बोटीचा बूट फाटला तर बोट बुडते. दोन्ही रबरं, दोन्ही उन्हाने तडकतात, आणि आमच्या अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात ४५-४६ अंशात बोट काठावर उघडी ठेवल्यावर त्या रबराचं काय होत असेल?

गेल्या डिसेंबरात एका सोमवारी सकाळी राखणदाराचा फोन आला. रविवारी संध्याकाळपर्यंत फेऱ्या मारलेली बोट रात्रीत धक्क्यालाच बुडाली होती. फक्त नाक वर. तळातलं पाणी उपसणारा पंप होता, पण त्याची बॅटरी आदल्याच दिवशी कुणीतरी पोंटूनवर गाणी वाजवायला नेली होती. (ही गोष्ट अजून कुणी कबूल केलेली नाही.) रात्री झालं म्हणून निभावलं. चार तास आधी झालं असतं तर बोटीत सहा-सात माणसं असती, त्यातली दोन तरी लहान पोरं, आणि लाइफ जॅकेटं सीटखाली कोंबलेली. कारण फोटो चांगला येत नाही ना जॅकेटात!

तेव्हापासून आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

पहिला पक्ष मामांचा. मामा सरकारी नोकरीतून निवृत्त, आयुष्य पंप आणि मोटारींमध्ये गेलं. त्यांचं म्हणणं असं: तेच इंजिन खोलून, सुकवून, नवीन बूट टाकून पुन्हा बसवा. दादाच्या गॅरेजमधले चाचा, ज्यांच्या हाताला मी अकोला जिल्ह्यात तोड बघितलेली नाही, तेही याच पक्षात. "इंजन तो अपने हाथ का है बेटा, बाकी रबर का टुकडा है." हे पूर्ण खोटं नाही. ते तीन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन मुळात जनरल मोटर्सच्या ब्लॉकवरच बांधलेलं आहे. चाचांनी असली इंजिनं शेकड्याने खोलली असतील.

आणि खरी भीती मला तिथेच वाटते. कारच्या बोनेटखाली मोकळी हवा असते, खालून सगळं उघडं असतं. पेट्रोलचा एखादा थेंब गळला, वाफ झाली, तर ती उडून जाते. बोटीच्या पेटीत खालून फायबरचा टब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी जाऊन बसते. म्हणून अशा बोटीत चावी फिरवण्याआधी किमान चार मिनिटं ब्लोअर लावायचा नियम असतो. आणि म्हणूनच बोटीचा स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर हे आतली ठिणगी बाहेर येऊ नये असे बंदिस्त बनवलेले असतात. दिसायला कारच्यासारखेच, बोल्टही तेच बसतात, फक्त किंमत तिप्पट-चौपट. मी फेब्रुवारीत जाऊन ती पेटी उघडून बघितली. स्टार्टर कारचा होता. "बराबर बैठा," चाचा अभिमानाने म्हणाले. ब्लोअरची वायर तुटलेली होती, कधीपासून ते कुणालाच आठवत नव्हतं. दोन वर्षं दर रविवारी ही बोट लोकांना घेऊन फिरली. मी त्या पेटीकडे बघत बसलो आणि मला खरंच घाम फुटला. बुडण्याची गोष्ट सगळ्यांना कळली होती. स्फोटाची गोष्ट तोपर्यंत कुणाच्या डोक्यातही आली नव्हती.

यात चाचांचा दोष शून्य आहे. त्यांना कुणी सांगितलंच नाही. गाडी ओळखीची दिसली, त्यांनी ओळखीचं औषध दिलं. आमच्या धंद्यातही हे रोज होतं: वीस वर्षं जुनी सिस्टीम, मूळ लिहिणारा कधीच सोडून गेलेला, आणि तिला ओळखीचा वाटणारा पॅच लावणारा हुशार माणूस. हुशार नसता तर निदान त्याने हात तरी लावला नसता.

स्टर्नड्राइव्ह ही वाईट कल्पना आहे असं माझं म्हणणं नाही. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये पहिली अॅक्वामॅटिक आणली तेव्हा ती जबरदस्त कल्पना होती. त्या काळचे आउटबोर्ड म्हणजे टू-स्ट्रोक, धूर काढणारे, तेल पिणारे, मनात आलं तर सुरू होणारे. ओल एविनरूडने १९०९ च्या सुमारास आउटबोर्ड बाजारात आणला, पण पन्नास वर्षांनीही मोठी ताकद हवी तर त्यात मजा नव्हती. मग कारचं सरळमार्गी फोर-स्ट्रोक इंजिन आत ठेवा आणि पाय बाहेर ठेवा, म्हणजे दोन्हीकडचं चांगलं मिळेल. त्या वेळी ते बरोबर होतं. पण नंतर आउटबोर्डच फोर-स्ट्रोक झाले, फ्युएल इंजेक्शनवाले झाले, हलके झाले. ज्या कारणासाठी ट्रान्समला भोक पाडलं होतं ते कारण निघून गेलं. भोक राहिलं. (आणि गंमत म्हणजे एविनरूडचे आउटबोर्ड २०२० मध्ये बंद पडले. त्या वर्षी आणखी काय काय बंद पडलं ते सांगायला नको.)

समुद्रावर दिवसभर डिझेल जाळत फिरणाऱ्या जड बोटींचं गणित वेगळं आहे. त्यांना आतलंच इंजिन लखलाभ. माझं भांडण फक्त धरणावरच्या, रविवारी चार तास पळणाऱ्या, अठरा फुटी बोटीपुरतं आहे. आणि तिथे माझं मत ठाम आहे: इंजिन बाहेर पाहिजे.

आता दुरुस्तीचंच बघा. आउटबोर्ड बिघडला तर चार बोल्ट काढा, चेनब्लॉकने उचला, बोलेरो पिकअपमध्ये टाका, गॅरेजला आणा. बोट तिथेच राहते, जगबुडी होत नाही. आतलं इंजिन बिघडलं की मिस्तरीला धरणावर न्यायचं, पेटीत उलटं लटकवायचं, आणि त्याच्या हातातून पडलेला प्रत्येक नट तळातल्या काळ्या पाण्यात शोधायचा.

दुसरी गोष्ट पुण्या-मुंबईच्या लोकांना कळत नाही. आमच्या धरणांत पाणी उतरतं. जानेवारीत जिथे धक्का असतो तिथे मेमध्ये चिखल. स्टर्नड्राइव्हचा पाय वर होतो, पण पूर्ण पाण्याबाहेर येत नाही. आउटबोर्ड अख्खा बाहेर येतो. याचा अर्थ काय ते मी प्रत्यक्ष बघितलंय. धरणात मासेमारी चालते, तंगूसची जाळी पसरलेली असतात, आणि दर आठवड्याला एकदा तरी जाळं पंख्यात गुंडाळलं जातं. आउटबोर्ड असेल तर इंजिन वर घ्यायचं, बोटीतूनच हात लांबवून चाकूने कापायचं. आमच्या बोटीवरचा पोरगा काय करायचा? दातात चाकू धरून पाण्यात उडी. एकोणीस वर्षांचा पोरगा, स्वतः जाळ्यात अडकायची पूर्ण सोय, आणि वर बसलेलं गिऱ्हाईक मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढतंय. तो पोरगा पाण्यात असताना कुणी चुकून चावी फिरवली तर? हा प्रश्न मी विचारला तेव्हा दादा पहिल्यांदा गप्प झाला.

तर दादा आता दुसऱ्या पक्षात आहे. म्हणजे माझ्याच पक्षात यायला हवा होता. पण त्याने जो तिसराच पक्ष काढलाय त्याच्याविरुद्ध हा सगळा लेख आहे.

त्याचा प्लॅन ऐका. इंजिन काढायचं. भोकावर एमआयडीसीतून सहा एमएमची लोखंडी प्लेट कापून आणायची, मध्ये सिलिकॉन भरायचं, बोल्ट मारायचे. त्या प्लेटलाच मागे दोन-अडीच फुटाचा ब्रॅकेट वेल्ड करायचा आणि त्यावर साठ-साठ एचपीचे दोन आउटबोर्ड. "त्याले काय होते? पत्रा मारू ना आपण!" आणि आतली इंजिनची पेटी रिकामी झाली की? "सीटा वाढतीन ना चार. खर्च निघून जाईन एका सीझनमधी."

हे ऐकून मला शकुंतला आठवली. शकुंतला म्हणजे आमची नॅरोगेज आगगाडी, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. १९२१ चं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन तिने सत्तर वर्षं ओढलं आणि १५ एप्रिल १९९४ ला ते काढून डिझेलचं लावलं. सगळ्यांना वाटलं, आता गाडी पळणार. पण रूळ तेच, स्लीपर तेच, पूल तेच. इंजिन नवं आणि वेग बैलगाडीच्या वरचा एक नंबर. आज ती गाडी बंद आहे. इंजिन ज्याच्यावर उभं असतं त्याच्याकडे कुणी बघतच नाही!

बोटीत रूळ म्हणजे ट्रान्सम. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. स्टर्नड्राइव्हच्या बोटीत त्या भोकाच्या कडेने वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि प्लाय आतून कुजतो. वरून रंग चकाचक. मी साधी हातोडी घेऊन ठोकत गेलो. वरच्या कोपऱ्यांत टणटण, भोकाच्या खाली सगळीकडे ढबढब. एका जुन्या बोल्टच्या छिद्रात स्क्रूड्रायव्हर घातला तर तो भिजलेल्या पावात जावा तसा गेला, बाहेर आला तर टोकाला काळा भुसा. यावर हे पत्रा मारणार होते. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिनचं बरंचसं वजन तळातल्या फायबरच्या बीमवर असतं. आउटबोर्डमध्ये वजन आणि ढकलायचा जोर, सगळं त्या भिंतीवर. सव्वाशे घोड्यांच्या आसपास पंखा तीन-चारशे किलोचा जोर लावतो, आणि ब्रॅकेट मागे जितका लांब तितकी भिंत उखडायला तरफ मोठी. सहा एमएमचं लोखंड वाकणार नाही हो, कबूल. पण ते ज्या भुशाला धरून आहे त्याचं काय?

"बोट मांगं बसन का?" हा दादाचा एकमेव तांत्रिक प्रश्न होता आणि तो चांगला होता. म्हणून मी रविवारी सकाळी पोहे खाताना गणित मांडलं. आकडे ढोबळ आहेत, पण पद्धत अकरावीच्या फिजिक्सची आहे. आमची बोट ज्या बिंदूभोवती पुढे-मागे झुलते तो ट्रान्समपासून साधारण २.२ मीटर पुढे धरा. जुनं इंजिन पायासकट २९० किलो, त्याचं वजन ट्रान्समच्या ४० सेंटिमीटर पुढे. म्हणजे अंतर १.८ मीटर आणि गुणाकार ५२२. (हे किलोमीटर नव्हेत, किलो गुणिले मीटर :-) ) ही बोट याच ५२२ साठी बांधलेली आहे. आता दादाचे दोन साठ एचपीवाले, मिळून सव्वादोनशे किलो. वजन कमी झालं म्हणून तो खूश. पण ब्रॅकेटमुळे ते ट्रान्समच्या ७० सेंटिमीटर मागे गेले. अंतर २.९, गुणाकार ६५२. म्हणजे वजन ६५ किलोंनी कमी होऊनही मागचा भार सव्वापट झाला! त्यात मागच्या पेटीच्या जागी चार माणसं बसवली की मागची कड पाण्याला टेकायला फक्त एक उलटी लाट पुरते. बोट वेगात असताना ड्रायव्हरने एकदम थ्रॉटल सोडला की आपणच उठवलेली लाट मागून येऊन आत शिरते. कुठलं वादळ नको, पूर नको. धक्क्याजवळ येताना रोज तेच होतं.

मग बरोबर काय? एकच ११५ एचपीचा फोर-स्ट्रोक, साधारण १७० किलो, ब्रॅकेट न लावता सरळ नव्याने बांधलेल्या ट्रान्समवर. शेजारी नऊ-दहा एचपीचा छोटा, ४० किलोंचा, मोठा बंद पडला तर हळूहळू काठाला आणणारा. त्याची टाकी वेगळी, बॅटरीशी संबंध नाही, दोरी ओढून सुरू होणारा. एकूण २१० किलो, अंतर २.५, गुणाकार ५२५. जुना ५२२, नवा ५२५! हे आकडे जुळले तेव्हा मी एकटाच टेबलावर मूठ आपटून उठलो. मावशीने विचारलं, "काऊन रे, काय झालं?" आता तिला काय सांगणार.

(दोन एकसारख्या इंजिनांच्या बाजूचे लोक म्हणतील, एक बंद पडलं तर दुसरं आहे. बरोबर. पण एकाच टाकीतलं पाणी मिसळलेलं पेट्रोल दोघांना मिळणार असेल तर दोन्ही एकाच मिनिटाला बंद पडतील. एकाच रॅकमध्ये दोन सर्व्हर ठेवून बॅकअप म्हणणारे आमच्याकडेही आहेत.)

ट्रान्सम नव्याने बांधायचा म्हणजे आतला फायबरचा थर कापायचा, कुजका प्लाय शेवटच्या भुशापर्यंत खरवडायचा, बोट सावलीत आठवडेच्या आठवडे सुकू द्यायची, मग मरीन प्लायचे थर रेझिनमध्ये चिकटवायचे. भोक बुजवताना नुसती बूच ठोकून चालत नाही. कडा तासून बारास एक असा उतार करायचा, म्हणजे फायबर एक सेंटिमीटर जाड असेल तर उतार बारा सेंटिमीटर लांब. तेव्हा नवा थर जुन्याला धरतो. आणि भिंत वरपर्यंत उंच ठेवायची. आउटबोर्डसाठी मधे खाच कापायचीच असेल तर तिच्या आत पाणी अडवून बाहेर सोडणारी हौदी पाहिजे. काम कंटाळवाणं आहे, अंगाला खाज सुटते, आणि शेवटी दिसत काहीच नाही. फोटो काढण्यासारखं यात एकच: नवं इंजिन. म्हणून सगळे पैसे इंजिनवर जातात.

फोर-स्ट्रोकच का? कारण या धरणाचं पाणी लोक पितात. जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड पेट्रोलचा पाव हिस्सा न जळता तसाच पाण्यात सोडतात. भागीदारांपैकी एकाला असलाच एक 'चांगल्या कंडिशनमधला' सापडलाय. त्याच्या घरचा नळ त्याच धरणावर आहे, हे त्याला आठवण करून द्यावं लागलं. आणि खरं सांगू का, निव्वळ रमतगमत फेरी मारायची असेल तर पेट्रोलही नको. केरळात वायकोमला 'आदित्य' नावाची सौर फेरी जानेवारी २०१७ पासून पंचाहत्तर माणसं वाहते. पोंटूनला एक विजेचा आउटबोर्ड लावला तर आवाजही नाही. पण स्पीडबोटीशिवाय गर्दी येत नाही म्हणतात. तो वाद पुन्हा कधी.

आता खुर्च्या. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

जुनं इंजिन जड होतं आणि तळाशी होतं. ते काढलं की तळातलं वजन गेलं. नवं इंजिन उंचावर टांगलं. म्हणजे बोटीचा गुरुत्वमध्य वर सरकला, बोट आधीपेक्षा जास्त डुलणार. अशा बोटीत आणखी चार माणसं, तीही पाण्याच्या पातळीच्या वर बसणारी? त्या रिकाम्या पेटीत माणसं नाही, बंद पेशींचा फोम भरायचा असतो. म्हणजे बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहील आणि लोकांना धरायला काहीतरी उरेल. दादाला मी म्हटलं, त्या जागेचा मालक फोम आहे. त्यावर भागीदार म्हणाले, "पुण्यात राहून ज्ञान देणं सोपं आहे."

सोपं आहे, मान्य. पण १४ सप्टेंबर २०२१ मी विसरू शकत नाही. वरुड तालुक्यात झुंजला वर्धा नदीत होडी उलटली, अकरा जण गेले, एकमेकांचे नातेवाईक. तो अपघात मी इंजिनच्या वादात ओढत नाही, तिथे इंजिन आत की बाहेर हा प्रश्नच नव्हता. मी एवढंच म्हणतो की आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला तरी होडीत किती जण बसवायचे यावर चेष्टा सुचू नये.

आणि कागदपत्रं. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान अधिनियम आला. बोटीच्या मजबुतीवर किंवा स्थिरतेवर परिणाम होईल असा बदल करायचा तर आधी मंजुरी घ्यायची, नंतर पुन्हा तपासणी. आमच्या भागीदारांचा यावर युक्तिवाद असा की आपण फक्त इंजिन बदलतोय, स्कूटरला नवा कार्ब्युरेटर लावल्यासारखं. अरे बाबा, तुम्ही वजन हलवताय, भिंत कापताय, माणसं वाढवताय! यापेक्षा जास्त बदल म्हणजे नवीन बोटच. मी स्वतः अर्ज टाइप करून दिला, ड्रॉइंग काढून दिलं, पोह्यांवरचं गणित जोडलं. अर्ज गेला आहे. एका टेबलावर 'बोट नवीन की जुनी?' या प्रश्नावर तो दोन महिने अडकला होता, आता पुढे सरकला असं ऐकतो. उशीर झाला म्हणून पत्रा मारून मोकळं व्हावं असं वाटणाऱ्यांना मी एकच दिवस सांगतो, १८ डिसेंबर २०२४. मुंबईच्या बंदरात नौदलाच्या एका बोटीची इंजिन-चाचणी चालू होती. इंजिनात बिघाड होऊन ताबा सुटला आणि ती 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. पंधरा जण गेले. नौदलाकडे इंजिनिअर, शिस्त, यंत्रणा सगळं आहे, तरी इंजिन तपासताना असं होऊ शकतं. आमच्याकडे काय ठरलं होतं? नवं इंजिन लागलं की पहिल्याच रविवारी नारळ फोडून थेट गिऱ्हाईक!

आम्ही आयटीवाले शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला कोड टाकत नाही, आणि आमच्या कोडने फार तर कुणाचं रिचार्ज अडकतं.

परवाच्या शनिवारी अकोल्याला जाऊन आलो. गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये बोट उलटी ठेवली आहे. ट्रान्सम उघडला, निघालेला भुसा दोन पोती भरला. मामा येऊन स्वतः हातोडीने ठोकून गेले, काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी घरून त्यांचा जुना सँडर पाठवला. चाचांनी कारचा तो स्टार्टर काढून परत रॅकवर ठेवला आणि मला विचारलं, बोटीच्या स्टार्टरमध्ये नेमकं वेगळं काय असतं ते एकदा खोलून दाखव. पुढच्या खेपेला दोन्ही शेजारी ठेवून खोलणार आहोत. उतार घासायचं काम पोराने घेतलंय, तोच चाकूवाला. ११५ की ९०, यावर अजून घासाघीस चालू आहे, आणि पेट्रोलचा हिशोब बघता कदाचित ९० च येईल. माझी हरकत नाही, गुणाकार सुधारेलच.

शेडच्या माळ्यावर चार नव्या खुर्च्या आहेत, प्लास्टिकचं वेष्टणही न काढलेल्या. त्या परत कर म्हणून मी दादाला म्हटलं. "ठेव ना भौ, घरी कामाले येतीन," तो म्हणाला.

खुर्च्यांच्या पायांना बोल्टसाठी पट्ट्या वेल्ड केलेल्या आहेत.